पाचव्या मजल्यावरची टोपली

आमच्या गल्लीत बाई म्हातारी झाली की नाही हे तिच्या केसांवरून कळत नाही, टोपलीवरून कळतं. बंदराजवळच्या आमच्या अनफूशी भागातल्या या जुन्या इमारतींना लिफ्ट आहेत, पण त्या चालू असताना पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. म्हणून प्रत्येक बाल्कनीला एक दोर आणि दोराला एक टोपली. वरून हाक येते, टोपली उतरते, मी तीत भाजी भरतो आणि ती वर जाते. माझं दुकान इमारतीच्या दाराला लागूनच आहे. दोर सरसर वर गेला की समजावं, बाई धडधाकट आहे. दोर मध्येमध्ये थांबायला लागला की समोरच्या बाल्कनीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागतात. टोपली यायचीच बंद झाली, की थोड्याच दिवसांत कुठूनतरी मुलगा येतो, आईचं सामान टेम्पोत भरतो आणि बाल्कनीवर नुसता दोर लोंबत राहतो.

इनशिराहबाईंची टोपली पाचव्या मजल्यावरची. शिवणकाम करणाऱ्या बाई. गल्लीतल्या निम्म्या नवऱ्या मुली त्यांनी शिवलेल्या कपड्यांत सासरी गेल्या. नवरा बंदरावर क्रेन चालवायचा, तो वारला. मुलगा एकच, वाईल, तो कैरोला एका कंपनीत इंजिनियर. म्हणून सगळे त्यांना उम्म वाईल म्हणतात, वाईलची आई. अंगाने अशा, की जिन्यात समोरून आल्या तर आपण मुकाट्याने वरच्या मजल्यावर परत जावं. आवाजही त्याच मापाचा. उन्हाळ्यात दोन कलिंगडं एका खेपेला ओढायच्या, आणि तीही माझ्याशी भांडता भांडता.

"हाजी गाबेर! हे टोमॅटो आहेत का खजूर सुकवलेत?"

"खाली पाठवा उम्म वाईल, मी त्यांची माफी मागतो!"

"तू माझी माग! आणि लिंबं घाल दोन, दंड म्हणून!"

तोवर टोपली वर पोचलेली असायची.

मग गुडघे बिघडले. साखरही वाढलेली निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की वजन उतरवा, नाहीतर हे जिने विसरा. बाईंनी खाली येऊन मला ही बातमी दिली. "माझे गुडघे म्हणतात," त्या म्हणाल्या, "आमचा करार एका बाईला वाहायचा होता, दोघींना नाही." आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे कोर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, चालायला सुरुवात. पायघोळ काळा गलाबिया, पायात वाईलचे कॉलेजातले बूट, हातात जपमाळ. समुद्राकडे ढुंकून न बघता चालायच्या.

चालण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार खाण्याबद्दल आहे. रोटी बंद, भात बंद, द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेली महशी बंद. महशी बंद म्हणजे कोथिंबीर, शेपू, टोमॅटो बंद, म्हणजे माझं दुकानच बंद. टोपलीतून फर्माईश यायची ती काकडी, सॅलडची पानं आणि एक लिंबू. मला वाटायला लागलं की वर ससे पाळलेत. एकदा मी म्हटलंही, "अहो, अंडं तरी खा, फूल तरी खा." फूल म्हणजे आमच्याकडची वालासारख्या दाण्यांची उसळ. तर वरून उत्तर आलं, "तुझ्या धंद्याची काळजी तू कर, माझ्या पोटाची मी करते."

पण वजन उतरत होतं, हे मान्य करायला हवं. गल्लीभर कौतुक चाललं होतं. बायका बाल्कनीतून विचारायच्या, काय खाता, किती चालता? बाईंची छाती फुगायची, तेवढीच काय ती अंगात फुगायची राहिली होती.

आमच्या मागच्या गल्लीत तळघरात बायकांची व्यायामशाळा आहे. दाराला जाड पडदा, आत लोखंडाचा आवाज. ती चालवते इब्तिहाल. मासळीवाल्या फरगलीची ही मुलगी. लहानपणी क्लबात वजनं उचलायची, बक्षिसं मिळवायची. आता सगळे तिला कॅप्टन म्हणतात. रोज माझ्याकडे केळी घ्यायला येते. एका सकाळी ती आणि इनशिराहबाई दुकानात समोरासमोर आल्या.

"उम्म वाईल, चालताय ते छान आहे," इब्तिहाल म्हणाली. "आता माझ्याकडेही या. थोडी वजनं उचला."

"येईन गं. आधी वितळू दे, मग आवळायला येते."

"आत्ताच यायला हवं. खरं तर चालायला लागलात त्याच आठवड्यात."

"शहाणीच आहेस! आत्ता वजनं उचलली तर ही सगळी चरबी दगड होऊन जागच्या जागी बसेल. मग ती काढायला काय पाथरवट बोलावू?"

दुकानात उभ्या असलेल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. आमच्याकडे हे सगळ्यांना पाठ आहे, आधी वितळायचं, मग आवळायचं. मीही डोलावली. इब्तिहालने केळी उचलली आणि म्हणाली, "तुम्ही काय मेणबत्ती आहात का, वितळायला?" पण तिचं कोण ऐकतो.

रमजान आला आणि बाईंना वाटलं, ही तर आयतीच संधी. दिवसभर रोजा आणि संध्याकाळी तीन खजूर नि वाटीभर मसुराचं सार, बस्स. चेहरा ओढला गेला, गळ्याची कातडी लोंबायला लागली. टोपली दोन मजले चढली की थांबायची. मग त्या म्हणायला लागल्या, "हाजी, निम्मंच घाल, बाकीचं नंतर." एका खेपेच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. मी म्हटलं, वर कप्पी बसवून देतो, दोर हलका चालेल. तर भडकल्या. "आज कप्पी, उद्या काठी, परवा खाट. नको मला तुझी कप्पी!" समोरच्या बाल्कनीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या होत्या, ते त्यांनाही दिसत होतं.

ईदेला वाईल आला. चांगला मुलगा आहे, मला वाईट बोलवत नाही. नवीकोरी गाडी घेऊन आला आणि ती नेमकी इमारतीखाली लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो निघायच्या तयारीने खाली आला, डिकी उघडून उभा होता. बाईंनी त्याच्यासमोर मोठेपणा करायचा म्हणून एकाच खेपेला सगळं मागवलं. कोबीचा गड्डा, बटाटे आणि काकवीची बरणी. मी म्हटलं दोनदा पाठवतो. "भर म्हणते ना!" मी भरलं.

टोपली चौथ्या मजल्यापर्यंत गेली. तिथे थांबली, थरथरली, आणि दोर सुटला.

कोबी गाडीच्या टपावर आपटला, बटाटे गल्लीभर पळाले आणि काकवीची बरणी बरोबर समोरच्या काचेवर फुटली. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. वाईलचं डोकं तिथून हातभर लांब होतं. त्याच्या पांढऱ्या शर्टावर काकवीचे ओघळ आले होते. तो गाडीकडे बघतच नव्हता. तो वर बघत होता. बाई बाल्कनीत दोन्ही तळहात पुढे करून उभ्या होत्या, आणि तळहातांची सालं निघाली होती.

तो धावत वर गेला. तासाभराने खाली आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मला म्हणाला, "हाजीचाचा, मी बकरी ईदेला येतो आणि तिला घेऊन जातो. तिच्यासाठी खोली रंगवून ठेवलीय. लिफ्ट आहे, बाग आहे. इथे काय आहे तिला?"

काय सांगणार? इथे तिचं शिवणयंत्र आहे, खिडकीतून बंदराची क्रेन दिसते, आणि खाली भांडायला मी आहे. असल्या गोष्टी इंजिनियरला सांगून पटत नाहीत. मी त्याच्या गाडीची काच धुऊन दिली.

त्याने आईला एकच सवलत ठेवली होती. बकरी ईदेला त्याच्या डोळ्यांदेखत, त्याने भरलेली टोपली एकट्याने वर ओढली, तर तो पुन्हा विषय काढणार नाही.

बाई दुसऱ्याच दिवशी हाताला पट्ट्या बांधून खाली उतरल्या. मला वाटलं भांडायला आल्या. तर म्हणाल्या, "हाजी, त्या पोरीला बोलाव."

इब्तिहाल आली. तिने बाईंचा दंड हातात धरला आणि कापड बघावं तसा चाचपला. "बघा उम्म वाईल," ती म्हणाली, "तुम्ही नुसतं उपाशी राहिलात आणि चाललात. अंगाला खायला मिळालं नाही, तेव्हा त्याने चरबी खाल्ली आणि बरोबर दंडही खाल्ले. त्याला सांगावं लागतं, चरबी ने, पण दंड ठेव, मला लागतात. हे बोलून सांगता येत नाही. ओढून, उचलून सांगावं लागतं."

"मग आता उशीर झाला का गं?" एवढा लहान आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"कापड थोडं चुकीचं कापलं गेलंय, पण झगा अजून शिवायचाय. होईल. पण डॉक्टरांना विचारून या आधी. आणि अंडी खायची, फूल खायचं, दही खायचं."

मी मध्येच म्हटलं, "हेच मी म्हणत होतो!" दोघींनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

डॉक्टरांनी हो म्हटलं. पण तळघरात त्या घट्ट कपड्यांतल्या पोरींमध्ये जायला बाईंना लाज वाटायला लागली. "वाईलहून लहान पोरी त्या, मी तिथे काय मिरवू?" इब्तिहाल हसली. म्हणाली, "यायची गरजच नाही. तुमची व्यायामशाळा बाल्कनीला टांगलेलीच आहे."

आणि मग माझ्या आयुष्यातला सर्वात मूर्ख धंदा सुरू झाला. एक दिवस आड करून दुपारच्या नमाजानंतर टोपली खाली यायची. मी तीत थोडे बटाटे घालायचो. बाई ती ओढून पहिल्या मजल्यापर्यंत न्यायच्या, आणि मग सावकाश खाली सोडायच्या. पुन्हा वर. पुन्हा खाली. इब्तिहाल गल्लीत कमरेवर हात ठेवून उभी.

"कोपर अंगाला धरा! पाठीने नाही, पायांत जोर घ्या! दमलात की दोराचा एक वेढा कठड्याला मारा, श्वास घ्या, मग पुढे. थांबण्यात लाज नाही, सोडण्यात आहे."

उतरवताना तर ती फारच कडक. "सावकाश! अजून सावकाश! टोपलीत लहान मूल झोपलंय असं समजा!" मी विचारलं, उतरवायला कसली ताकद लागते, सोडलं की येतंच खाली. ती म्हणाली, "हाजी, ओढायला जोर लागतो, पण सोडताना धरून ठेवायला ताबा लागतो. हात तिथेच तयार होतात."

बटाटे जायचे आणि माझ्याचकडे परत यायचे. दर खेपेला तेच बटाटे. त्यांच्यावर माझा जीव जडला. गिऱ्हाईक विचारायचं, हे का विकत नाही? मी म्हणायचो, ते नोकरीला आहेत. गल्लीतल्या बायकांना फुकटची करमणूक झाली होती. वरच्या घरातही तांदळाची पिशवी छातीशी धरून खुर्चीवरून उठणं-बसणं चालायचं, हे खालच्या मजल्यावरून धपधप ऐकू यायचं. हळूहळू बटाटे वाढले. टोपली दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली, मग तिसऱ्या.

मध्येच घोळ झाला. बाई औषधवाल्याकडच्या काट्यावर उभ्या राहिल्या. वजन उतरायचं थांबलं होतं, उलट किंचित वर गेलं होतं. तिथून त्या तडक व्यायामशाळेच्या पडद्यापाशी गेल्या आणि आतल्या पोरींसकट इब्तिहालला ऐकवलं. "दगड होणार म्हटलं होतं ना मी! झाला दगड! इतके महिने उपाशी राहिले ते पाण्यात!" दोन दिवस टोपली आली नाही. मी बटाट्यांकडे बघत बसलो. खरं सांगतो, मला भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी इब्तिहाल स्वतः पाच मजले चढून गेली. काय झालं ते बाईंनीच मला नंतर सांगितलं. त्या पोरीने शिवणयंत्रावरचा टेप उचलला आणि बाईंच्या हातात दिला. "काटा माझा नाही, तुमचा नाही, औषधवाल्याचा आहे. हा तुमचा आहे. मापं घ्या."

बाईंनी आरशासमोर मापं घेतली. सगळ्या मोहल्ल्याची मापं घेतलेली बाई, ईदेच्या झग्यासाठी लिहून ठेवलेल्या मापांशी आता स्वतःची मापं ताडून बघत होती. कमर आत गेली होती, पोट आत गेलं होतं. दंड मात्र तेवढाच राहिला होता, आणि दाबून पाहिला तर बोट आत जात नव्हतं. "काटा खोटं बोलू शकतो हाजी," त्या मला म्हणाल्या, "टेप नाही. टेपवर मी पोट भरलंय." आणि टोपली धाडकन माझ्या डोक्याशी आली. "घाल बटाटे!"

बकरी ईदेच्या आदल्या शुक्रवारी वाईल आला. या वेळी त्याने गाडी लांब, मशिदीपाशी लावली. हातात एक मोठी रिकामी बॅग होती. ती कुणाच्या कपड्यांसाठी, हे विचारायची गरज नव्हती.

"वर येऊ नकोस!" बाल्कनीतून आवाज आला. "आधी टोपली भर!"

टोपली उतरली. सगळ्या बाल्कन्या भरल्या होत्या. इब्तिहाल माझ्या दुकानाच्या खांबाला टेकून उभी होती, नखं खात. कलिंगडांचे दिवस होते. मी एक मध्यम आकाराचं कलिंगड पुढे केलं. वाईलने ते बाजूला ठेवलं आणि ढिगातलं मोठं उचललं. वर बटाटे घातले. त्यावर कांदे.

माझा पारा चढला. "अरे, आईची परीक्षा घेतोस का तिचा काटा काढतोस?"

"हाजीचाचा, मला फसवू नका," तो हळू म्हणाला. "फोन वाजला आणि तिने उचलला नाही, की मी तिथे ऑफिसात बसून काय काय मनात आणतो, ते तुम्हाला माहीत नाही. ती बरी आहे, असं मला खोटंखोटं नकोय." मग मीच एक कांदा आणखी घातला.

दोर ताणला गेला. टोपली उचलली गेली. पहिला मजला, दुसरा. पूर्वीसारखी सरसर नाही, एक हात, मग दुसरा हात, मोजून मापून. तिसऱ्या मजल्यावर थांबली.

"आई, सोड! मी येतो वर!"

"खबरदार जिन्याला पाय लावलास तर!" वरून ओरडणं आलं. "वेढा मारलाय मी! श्वास घेतेय, मेले नाही!"

इब्तिहाल खुदकन हसली. टोपली पुन्हा हलली. चौथा मजला आला, जिथे मागे दोर सुटला होता. मी डोळे मिटले, कारण माझं वय झालंय. उघडले तेव्हा बाल्कन्यांतून बायकांच्या जिभा लवलवत होत्या, लग्नात करतात तसा आरोळ्यांचा कल्लोळ चालला होता, आणि टोपली कठड्याच्या आत गेली होती.

वाईल हसला नाही. "ओढली," तो म्हणाला. "हट्टाने ओढली. मी तिला ओळखतो ना. हट्टाने माणूस एकदा काहीही ओढेल. उद्याचं काय?"

तेवढ्यात टोपली पुन्हा कठड्याबाहेर आली आणि खाली यायला लागली. इतकी सावकाश, की हलतेय का नाही हे कळायला भिंतीवरच्या भेगेशी ताडून बघावं लागत होतं. ना झोका, ना हिसका. प्रत्येक मजल्यावरच्या बायका वाकून आत बघायच्या आणि तोंडावर हात ठेवायच्या. टोपली आमच्या छातीशी येऊन थांबली. आत पांढऱ्याशुभ्र फडक्यावर पातेलं होतं, झाकण नसलेलं, आणि त्यात काठोकाठ मुलुखिया. हिरवागार पातळ रस्सा, लसणाच्या फोडणीचा वास, वर वाफ. वाईलने पातेलं उचललं आणि खालच्या फडक्याकडे बघितलं. फडक्यावर एक थेंब नव्हता.

"हट्टाने एवढं सावकाश सोडता येत नाही, बाश-मुहंदिस," इब्तिहाल म्हणाली. आमच्याकडे इंजिनियरला मान देऊन असं म्हणतात.

तो तसाच पातेलं धरून उभा राहिला. हात भाजत असणार, पण त्याने ते खाली ठेवलं नाही. त्याचं तोंड लहानपणी पडल्यावर व्हायचं तसं झालं होतं. मीही दुकानात काहीतरी शोधायला वळलो, डोळे पुसायचे होते.

"आता बघत काय उभा राहिलास?" वरून आवाज आला. "घेऊन ये वर, निवायच्या आत!"

"वरच न्यायचं होतं तर खाली कशाला पाठवलंस?"

"तुला दिसावं म्हणून!" आणि मग जरा खालच्या पट्टीत, "ये बाळा. भात टाकलाय. बॅग मात्र खालीच ठेव."

वाईलने पायानेच बॅग माझ्याकडे सरकवली. "हाजीचाचा, ही जरा दुकानात राहू दे," म्हणाला आणि पातेलं घेऊन जिना चढायला लागला. तिसऱ्या मजल्यावर तो धापा टाकत थांबलेला आम्हाला खालूनही ऐकू आला. इब्तिहाल ओरडली, "तुम्हीही या, सोमवारपासून!" पाचव्या मजल्यावरून बाईंचं जुनं गडगडाटी हसू आलं.

ईद झाली, वाईल परत गेला. जाताना बॅगेचं नावही काढलं नाही. ती अजून माझ्याकडेच आहे. मी तीत कांदे ठेवतो.